दिवा मोठा कर

ही गोष्ट घडलेली आहे. रचून सांगण्याइतकी कल्पकता माझ्याजवळ नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो पंचाक्षरी माझा सख्खा आत्तेभाऊ. तो रागीट आहे, हट्टी आहे, पण खोटं बोलणाऱ्यांतला नाही. त्याच्यासारखी ती मला सांगता येईल का, याची मात्र शंका आहे. तो सांगतो तेव्हा अजूनही त्याच्या कपाळावरची शीर ताठ होते.

साल १९७४. मे महिना. जागा म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटला जाणारा रस्ता...

आणि वेळ दिवेलागणीची.

मध्यरात्र नव्हती, अमावास्या नव्हती. आकाशात उजेड होता. म्हणूनच त्या दिवसाची जास्त भीती वाटते.

पंचाक्षरीच्या थोरल्या भावाचं नाव वीरभद्रप्पा. घरात सगळे त्याला अण्णा म्हणत. बाळीवेशीत घर आणि चाटी गल्लीत कापडाचं दुकान. अण्णाला एकच शौक होता. मुंबईच्या एका माणसाकडून त्याने जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. हिरवी, बुटकी, कापडी छताची. माणसं मावायची दोनच. ती रस्त्यावरून गेली की पोरं मागे पळायची आणि म्हातारे शिव्या द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा त्याच गाडीत गेला.

अक्कलकोट रस्त्यावर एका वळणाला मोरी आहे. गाडी तिच्या कठड्यावर आदळली. गाडीत तो एकटाच होता.

आणि त्याला समाधी देऊन लोक हात धूत होते, तोवर त्याचे सख्खे काका, बसप्पा, चारचौघांत बोलून गेले.

"तोंडाला वास येत होता."

एवढंच. पण तेवढं पुरलं.

ज्या घरात कधी बाटली आली नाही, त्या घराचा थोरला मुलगा दारू पिऊन मेला, हे गावभर झालं. अण्णाची बायको नीलम्मा लग्नाकार्याला गेली की बायका तिच्याकडे बघून आवाज खाली आणायच्या. आमची शिवबाई आत्या, म्हणजे पंचाक्षरीची आई, देवळात जायची बंद झाली.

पंचाक्षरी रडला नाही. तो चिडला, आणि चिडलेलाच राहिला.

त्याचं म्हणणं असं होतं. त्या गाडीला ओव्हरड्राइव्ह होता. चौथ्या गियरच्या पुढचा, पाचवाच म्हणा हवं तर. डॅशबोर्डवर त्याचा खटका. मोकळ्या रस्त्यावर खटका वर केला की गाडीच्या पोटातून 'खट्' असा आवाज येतो, इंजिन एकदम निवांत होतं आणि गाडी मात्र तशीच पळत राहते. अशा वेळी नुसता एक्सिलेटरवरचा पाय काढून ती आवरत नाही. वाहत जाते. खटका पाडायचा विसरला, तर वळण अंगावर येईपर्यंत कळत नाही. तो चालू आहे हे सांगणारा दिवा काही गाड्यांना असतो. या गाडीला नव्हता.

आणि अपघातानंतर गाडी ओढून आणली, तेव्हा खटका वर होता. पंचाक्षरीने स्वतः पाहिला होता.

"अण्णा प्यायलेला नव्हता," तो म्हणायचा. "गाडीनं त्याला सांगितलं नाही, एवढंच झालं."

लोक मान हलवायचे. मान हलवणाऱ्या लोकांचा त्याला सगळ्यांत जास्त राग यायचा.

शेवटी त्याने ठरवलं. गाडी दुरुस्त झालेली होतीच. तिला दिवा बसवायचा. बसप्पा काकांना शेजारी बसवून त्याच रस्त्यावर न्यायचं. दिवा लागला की गाडी कशी वाहत जाते, ते त्यांच्या डोळ्यांना दाखवायचं. आणि ज्या तोंडाने ते बोलले, त्याच तोंडाने चाटी गल्लीत सगळ्यांसमोर ते परत घ्यायला लावायचं.

भावाचं नाव धुऊन काढायचं. त्याला बाकी काही नको होतं.

सात रस्त्यावरचा महिपती गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. मोहोळकडचा माणूस, तोंडाने बडबड्या, हाताने बरा. त्याला शेडमध्ये बोलावलं.

"मालक, ह्या डॅशबोर्डच्या फळीला भोक पाडायचं व्हय? एवढी गुळगुळीत हाय की!"

"पाड."

"थोरलं मालक असते तर मला जोड्यानं मारलं असतं."

"ते नाहीत म्हणूनच पाडायचंय. बडबड कमी कर."

"बरं. खटक्यावरनं तार घेतो. सोपं काम हाय. च्या गार व्हायच्या आत बसवतो बगा."

"खटक्यावरनं नको. खटका आपण वर केला की वर. मला गियरबॉक्स काय म्हणतो ते पाहिजे. गाडी तिसऱ्या-चौथ्यात असेल आणि ओव्हरड्राइव्ह खरोखर लागला असेल, तरच दिवा लागला पाहिजे. नाहीतर नाही."

महिपती हसला. "म्हंजी खोटं न बोलणारा दिवा."

"हो. या गावात एक तरी वस्तू तशी असू दे."

दिवा बसला. केशरी काचेचा, शेंगदाण्याएवढा. पंचाक्षरीने होटगी रस्त्याला एक चक्कर मारली. खटका वर केला, खट्, दिवा लागला. खटका पाडला, दिवा गेला. काम चोख होतं.

संध्याकाळी तो शेडमध्ये गाडी पुसत होता. इंजिन बंद, किल्ली खिशात, गियर न्यूट्रलमध्ये.

बाहेर रस्त्यावर कुल्फीवाला घंटी वाजवत चालला होता. घंटी लांब गेली. मग काहीच ऐकू येईना.

आणि गाडीच्या पोटातून आवाज आला...

खट्.

पंचाक्षरीने मान वर केली.

डॅशबोर्डवरचा दिवा लागलेला होता.

त्याने गियरचा दांडा हलवून पाहिला. न्यूट्रलच. खटका पाहिला. खालीच. किल्ली खिशात हाताला लागत होती.

भीती वाटली का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "भीती कसली? त्या महिप्याचा राग आला. म्हटलं, काम बिघडवून गेला."

सकाळी महिपती आला. डॅशबोर्डखाली डोकं घालून पडला. पुन्हा पुन्हा तारा चाचपल्या.

"मालक, तार चुकली न्हाय."

"मग दिवा आपोआप लागला?"

"कुटंतरी शॉट होत आसंल. बॅटरीची तारच काढून ठिवतो. आता लागला तर माजं नाव बदला."

बॅटरीची तार काढली. आता गाडीत वीजच नव्हती. पंचाक्षरी दुकानात गेला.

दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा गल्ली ऊन खाऊन गप पडली होती. सहज शेडमध्ये डोकावला...

दिवा लागलेला होता.

आदल्या दिवसापेक्षा जरा मोठा.

त्याने दार उघडून आत हात घातला आणि केशरी काच पिळून काढली. आतला बल्ब काढला. तळहातावर घेऊन पाहिला. विझलेला, साधा बल्ब.

पण फळीला पाडलेल्या त्या भोकातून उजेड येतच होता.

त्याने भोकावर बोट ठेवलं...

गार. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, माठाच्या तळासारखं गार.

तेव्हा त्याने काय करावं? त्याने डॅशबोर्डवर थाडकन हात मारला आणि ओरडला, "कोण आहे? मला घाबरवतोस?"

"त्यांच्यावर ओरडू नका, भावजी."

दारात नीलम्मा उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. ती कधी शेडकडे फिरकायची नाही.

"कुणावर?"

तिने त्या उजेडाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी ते रागानं गेले होते."

"कसला राग?"

"काकांच्या दुकानात त्यांनी मला वांझ म्हटलं. गिऱ्हाइकांसमोर. हे काकांच्या अंगावर गेले, लोकांनी धरलं. घरी आले ते जेवलेही नाहीत. गाडी काढली नि गेले."

पंचाक्षरीला हे ठाऊकच नव्हतं; त्याच्या रागाला भिऊन कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं.

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?"

"तुम्ही विचारलंत का कधी? तुम्ही नुसते ओरडत असता." तिचाही आवाज चढला होता. "वास येत होता म्हणे! भांडण झालं ते कुणी विचारू नये म्हणून वास येत होता. पण आता जाऊ दे. ते शांत होत आले होते, असं मला वाटत होतं. तुम्ही हा दिवा बसवून त्यांना उठवलंत. काढून टाका तो."

दुसरा कुणी असता तर त्याने दिवा काढला असता.

पंचाक्षरीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट भणभणत होती. बायकोला शिवी दिली, नवरा त्या रागात मेला, आणि वर त्यालाच दारुडा ठरवलं. तो न जेवता तसाच मागे फिरला. बसप्पा काकांना आजच न्यायचं.

मागे काय झालं ते असं.

शिवबाई आत्या शेडमध्ये गेली. तिने तो उजेड पाहिला. ती आई होती, तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. शेजारच्या माणसाला पाठवून तिने महिपतीला बोलावून घेतलं.

"अरे, तो दिवा मोठा कर," ती म्हणाली. "आत्ता, दिवस मावळायच्या आत. मोठा कर बाबा त्याला."

चाटी गल्लीत बसप्पा काका आपल्या दुकानात गादीवर बसून तपकीर ओढत होते. दोन गिऱ्हाइकं समोर.

"काका, उठा. गाडीतून फिरून येऊ."

"आता? उन्हाचं? कुठं रे, तम्मा?" धाकटा म्हणून ते त्याला तम्मा म्हणत.

"अण्णा गेला तिथं."

गिऱ्हाइकांनी कापडावरची नजर उचलली. काकांनी तपकिरीची डबी सावकाश बंद केली.

"मी काय करू तिथं येऊन?"

"तो प्यायलेला होता की नव्हता, ते दाखवतो तुम्हाला. की भीती वाटते?"

"मला? तुमच्या त्या खेळण्यातल्या गाडीची?" काकांनी गिऱ्हाइकांकडे बघून डोळा घातला. "चल की. थोरल्यानं आपटली, धाकटा कुठं आपटतोय ते बघून येऊ."

काकांची गिऱ्हाइकं आटोपून दोघं बाळीवेशीत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. महिपती शेडमधून हात पुसत बाहेर येत होता. तोंडावर मोठं हसू.

"झालं बगा, मालक! आता दिस्तंय का न्हाय सांगा."

पंचाक्षरीने आत पाहिलं.

शेंगदाण्याएवढ्या भोकाचं आता रुपयाएवढं भोक झालं होतं. त्यात ट्रकचा लाल भिंगाचा दिवा ठोकून बसवला होता. बॅटरीची तारही पुन्हा जोडलेली होती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"आईंनीच की! मोठा कर म्हणाल्या. दोन डाव म्हणाल्या. म्हटलं करू की, आपल्याकडं ट्रकचा पडलेलाच होता."

आत्या ओटीवरून धावत आली. भिंग पाहिलं आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं.

आमच्या कानडी घरांत दिवा 'विझव' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द अशुभ. 'दीपा दोड्डदु माडु' म्हणतात. दिवा मोठा कर. म्हणजे आता तो शांत कर, मालव. मराठी बोलतानाही आमच्या बायकांच्या तोंडी तेच येतं, आणि घरात त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. महिपतीला कानडीचा गंध नव्हता. मोठा कर म्हटलं, त्याने मोठा केला.

"मी त्याला जायला सांगितलं रे," आत्या म्हणाली. "आणि यानं त्याला..."

तिने पंचाक्षरीचा दंड धरला. "आज गाडी काढू नको. तुला माझी शपथ आहे."

तो थांबलाही असता. तो स्वतः मला म्हणाला, त्या क्षणी आईची बोटं त्याच्या दंडात रुतत होती आणि तो थांबणार होता.

पण मागून बसप्पा काका खोकले.

"झालं का? आईच्या पदराखाली? मग मी जाऊ दुकानात?"

पंचाक्षरीने आईचा हात सोडवला.

शहर मागे पडलं. रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं, मधूनच एखादी बाभळ. पश्चिमेकडे आभाळ तांबडं होतं. छत उघडं होतं, काकांनी टोपी हाताने धरून ठेवली होती.

"बघा काका." त्याने खटका वर केला. खट्. लाल भिंग पेटलं. "आता पाय काढतो."

पाय काढला. गाडी तशीच वाहत राहिली.

"आता बघा." खटका पाडला. दिवा गेला. गाडीने लगाम ओढल्यासारखा वेग टाकला. "कळलं? त्या दिवशी हा खटका वर राहिला होता. अण्णाला सांगायला दिवा नव्हता. पाय काढला, त्याला वाटलं गाडी आवरेल. ती आवरली नाही. यात दारू कुठं आली?"

काकांनी टोपी आणखी घट्ट धरली.

"बोला की! म्हणा, वीरभद्र प्यायलेला नव्हता."

"मला यंत्रातलं काय कळतंय, तम्मा."

"आणि वहिनींना वांझ म्हणायचं कळतं?"

काकांनी झटकन त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा समोर पाहत, अगदी सावकाश म्हणाले, "वास येत होता. येत होता तो येत होता."

आणि तेव्हा...

खट्.

लाल भिंग पेटलं.

खटका खाली होता.

पंचाक्षरीने तो उगीच वर-खाली केला. दिवा गेला नाही. मोठा व्हायला लागला. बल्ब काही तसा हळूहळू मोठा होत नाही. तो उजेड भिंगातून बाहेर आला, डॅशबोर्डवर पसरला, काकांच्या पांढऱ्या धोतरावर आला, समोरच्या काचेवर चढला. काचेपलीकडचा रस्ता दिसेनासा झाला. काचेत फक्त तांबडं.

त्याने पाय काढला.

गाडी मंदावली नाही.

वाहत गेली म्हणावं, तर तसंही नाही. वाऱ्याचा आवाज वाढत होता. ती जोर धरत होती.

"थांबव! ए, थांबव की!" काका ओरडले. त्यांची टोपी उडाली.

त्याने ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा. एका पायाला दाद देईना म्हणून दुसराही त्यावर ठेवला, पाठ सीटला रेटून अंगातला सगळा जोर लावला.

तो सांगतो, त्या वेळी सगळ्यांत विचित्र काय होतं, तर राग. गाडीत राग भरला होता. दांड्यातून, स्टिअरिंगच्या चाकातून, बुडाखालच्या पत्र्यातून तो वर येत होता, धडधडत. त्याच्या स्वतःच्या रागाची त्याला सवय होती. तो हा नव्हता. याच्यापुढे त्याचा राग म्हणजे पोराचं रुसणं.

काका आता हात जोडून बसले होते. "वीरभद्रा! वास नव्हता रे! मी खोटं बोललो! मी खोटं बोललो, बाबा!"

दोन वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते शब्द पंचाक्षरीच्या कानाशी ओरडून बोलले जात होते.

दिव्याला त्याचं काही नव्हतं.

काचेच्या एका कोपऱ्यातून त्याला मोरीचा पांढरा कठडा दिसला...

तो ओरडला. घरात लहानपणापासून जे ऐकलं तेच तोंडात आलं. "अण्णा! दिवा मोठा कर, अण्णा! मोठा कर!"

आणि दिवा मोठा झाला.

सगळं तांबडं झालं. हात, चाक, काकांचं उघडं तोंड.

तेव्हा पंचाक्षरीच्या तोंडून तो शब्द गेला. मोठेपणी कधी न उच्चारलेला. लहानपणी एकदा चुकून म्हणाला होता, तर आईने तोंडावर मारलं होतं.

"विझव!"

दिवा विझला.

त्याबरोबर इंजिन गेलं, पुढचे दिवे गेले, गाडीतलं सगळं गेलं, वेगसुद्धा. गाडी कठड्याला हळूच टेकली. नंबरप्लेट वाकण्याचा बारीक आवाज आला. बस्स.

मग शांतता.

ही शांतता चुकीची आहे, हे त्याला जरा वेळाने कळलं. इतकं पळवलेलं इंजिन बंद झालं की निवताना टिकटिक वाजतं. ते वाजत नव्हतं. तो खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवला...

गार.

शेजारचं दार उघडं होतं. बसप्पा काका अनवाणी पायांनी सोलापूरच्या दिशेने चालत निघाले होते. त्याने हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

एका ट्रकवाल्याने गाडी ओढून बाळीवेशीत आणली. आत्याने पंचाक्षरीला उरापोटी धरलं, मग मारलं, मग पुन्हा धरलं. त्याने झालं तसं सगळं सांगितलं. तो शब्दही सांगितला.

नीलम्मा ऐकत होती.

"शांत झाले असते ते," ती म्हणाली. "तुम्ही विझवलंत त्यांना."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. पुढच्याच महिन्यात अक्कलकोटजवळ माहेरी गेली, ती परत आली नाही.

पण पंचाक्षरी दुसऱ्या दिवशी सकाळी ताठ मानेने चाटी गल्लीत गेला. काकांनी कबूल केलं होतं. देवाशपथ, त्याच्या कानाशी ओरडून कबूल केलं होतं. आता ते लोकांसमोर बोलतील. भावाचं नाव आज धुतलं जाईल, या एका विचारावर त्याने ती रात्र काढली होती.

गल्लीत शिरताच त्याला कळलं, काहीतरी वेगळं आहे. ओळखीची माणसं त्याच्याकडे बघत होती आणि बघत नव्हती. पानवाल्याने नेहमीसारखा नमस्कार केला नाही. एक म्हातारा व्यापारी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीसुद्धा का हो? थोरल्याचं बघून तरी शहाणं व्हायचं होतं."

बसप्पा काकांनी सकाळी दुकान उघडताच सांगितलं होतं. धाकटाही पिऊनच चालवतो. काल मला मारलाच असता.

पंचाक्षरी दुकानात शिरला तो काकांच्या गळपट्टीला हात घालूनच. लोकांनी सोडवलं. काकांनी लोकांना बाहेर जायला सांगितलं. स्वतः उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

एका रात्रीत ते म्हातारे झाले होते. पायांना फडकी बांधली होती.

"कशाला खोटं बोलता?" पंचाक्षरी दात खाऊन म्हणाला. "मी प्यायलो होतो?"

"नाही."

"मग?"

"काल तुझे पाय कुठं होते, तम्मा?"

"ब्रेकवर. दोन्ही."

"हो. दोन्ही. मी बघितले. तांबड्या उजेडात खालचं सगळं लख्ख दिसत होतं. तुझे दोन्ही पाय ब्रेकवर, एकावर एक." काकांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट न घेताच पुन्हा मिटली. "आणि शेजारी आणखी एक पाय होता. तो एक्सिलेटर दाबत होता."

पंचाक्षरीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"हे सांगू मी गल्लीत? मला काय म्हणतील? पिऊन होता म्हटलं की बरं असतं. पुढं कुणी काही विचारत नाही."

"आणि अण्णाच्या वेळी? तेव्हाही म्हणूनच बोललात? नुसतं भांडणच लपवलंत, की आणखी काही?"

बसप्पा काकांनी तपकिरीची डबी खिशात टाकली. मग उठून त्यांनी दुकानाचं दार पुन्हा सताड उघडलं, गादीवर येऊन बसले आणि बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हसून म्हणाले, "या, या. काय दाखवू?"

त्यांनी ते शब्द शेवटपर्यंत परत घेतले नाहीत. धाकट्याबद्दलचेही नाहीत आणि थोरल्याबद्दलचेही नाहीत. आजही बाळीवेशीत जुनी माणसं त्या घराबद्दल बोलताना, दोघं भाऊ पिणारे, असं म्हणतात. पंचाक्षरीने उभ्या आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही.

गाडी त्याने भंगारात घातली.

हे सगळं त्याने मला पुष्कळदा सांगितलं आहे. दर वेळी इथे आला की तो थांबतो, आणि मला वाटतं आता काकांना शिव्या देईल. पूर्वी द्यायचा. आता देत नाही. गेल्या खेपेला तो भिंतीकडे तोंड करून बसला. कपाळाची शीर तशीच ताठ.

"काकांचा राग होता अण्णाला, ते समजतं," तो म्हणाला. "पण गाडीत मीही होतो ना. मी त्याच्यासाठी भांडत होतो. सगळ्या गावाशी. काका तर कबूलही झाले होते, त्यानं ऐकलं असणार. तरी पाय काढला नाही रे त्यानं."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने घेतला नाही.

"मी दिसलोच नसेन का त्याला?" त्याने विचारलं. "की दिसलो, आणि तरी?"